तपासले, बरोबर आहे

मी बँकेत 'विशेष सहायक' आहे. हे नाव ऐकून आमच्या सासुरवाडीची मंडळी मला अजूनही अधिकारी समजतात आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करण्याची घाई करीत नाही. खरं म्हणजे विशेष सहायक हा कारकुनांमधलाच थोरला भाऊ. दुसऱ्या कारकुनानं केलेलं काम त्यानं तपासायचं आणि 'तपासले, बरोबर आहे' अशा अर्थाची सही ठोकायची. बँकेत पैशाचं काम एकट्यानं होत नाही. एकानं करायचं, दुसऱ्यानं तपासायचं. पहिल्याला मेकर म्हणतात, दुसऱ्याला चेकर. पूर्वी लेजरमध्ये आकड्यापुढे टिंब द्यायचं आणि आद्याक्षरं काढायची, आता संगणकाची एक कळ दाबायची, एवढाच काय तो फरक. चूक झालीच तर मेकर म्हणतो, "चेकरनं पाहिलंय की!" आणि चेकर म्हणतो, "मी नुसतं पाहिलं, केलं त्यानं!" अशी ती जबाबदारी दोघांत वाटली की कोणाच्याच वाट्याला येत नाही. बी.कॉम. होईपर्यंत मी पुष्कळ भागाकार केले. पण एकाला दोनानं भागलं की उत्तर शून्य येतं, हे मला बँकेत आल्यावर कळलं.

तर तपासणं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मला वीस वर्षांत कधी पडला नव्हता. तो गेल्या दिवाळीत माझ्या भाच्यानं घरात आणला.

भाचा पुण्याला हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत आहे. दिवाळीला जालन्याला आला तो लॅपटॉप घेऊनच. नरकचतुर्दशीच्या पहाटे सगळं घर उटणं लावून बसलेलं आणि हा कोपऱ्यात पडद्याकडे टक लावून. मी म्हटलं, "अरे, आज तरी प्रोग्रॅम लिहू नकोस."

"लिहीत नाही मामा, दुसऱ्यानं लिहिलेला तपासतोय. कोड रिव्ह्यू."

'तपासतोय' म्हटल्यावर माझ्या अंगात बळ आलं. घरात आणखी एक चेकर निघाला! मी पाट सरकवून शेजारी बसलो आणि म्हटलं, "मग? बरोबर आहे का?"

"दिसतंय तरी बरं," तो म्हणाला आणि त्यानं इंग्रजीत चार अक्षरं टाइप केली: एलजीटीएम. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, "लुक्स गुड टू मी. मला बरं दिसतंय. आमच्याकडे पसंतीची हीच रीत."

हे वाक्य मी कुठेतरी ऐकलं होतं. मग आठवलं. मुलगी बघायला गेल्यावर पोह्यांची बशी खाली ठेवताना मुलाचे मामा जे म्हणतात ते हेच! तिथेही एक यादीच असते. उंची, शिक्षण, चष्मा, गाणं येतं का, स्वयंपाक येतो का. प्रत्येक कलमापुढे बरोबरची खूण झाली की बघणं संपलं. हे मी बोलून दाखवलं, तेव्हा आतून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "तुम्ही मला तीन प्रश्न विचारले होते. त्यातला एक हवामानाबद्दल होता. समजून न घेताच सही केलीत." भाच्यासमोर हे व्हायला नको होतं.

फराळाच्या वेळी भाच्यानं सांगितलं की या तपासणीचं एक शास्त्र आहे. १९७६ साली आयबीएम कंपनीतल्या मायकेल फेगन यांनी ते एका लेखात मांडलं. चार जणांनी एकत्र बसायचं. प्रत्येकानं आधी अभ्यास करून यायचं. अभ्यास म्हणजे प्रोग्रॅममागचा विचार काय आहे ते समजून घ्यायचं. मग एकानं वाचायचं. पण पोथी वाचल्यासारखं नाही, तर इथे काय चाललंय ते आपल्या शब्दांत सांगायचं. चुका फक्त शोधायच्या, तिथल्या तिथे दुरुस्त करत बसायचं नाही. बैठक दोन तासांच्या वर न्यायची नाही. आणि वेग तासाला साधारण शे-दीडशे ओळी.

मी मनात हिशेब केला. मी तासाला शे-दीडशे सह्या करतो. म्हणजे त्यांनी एक ओळ समजून घ्यावी तेवढ्या वेळात मी एका माणसाचा व्यवहार निकालात काढतो. क्षणभर मला अभिमान वाटला. पुढचा क्षण तितकासा बरा गेला नाही.

"पण मामा, आता ते जुनं शास्त्र तसंच्या तसं चालत नाही," भाचा चकलीचा तुकडा मोडत म्हणाला. "तेव्हाचे प्रोग्रॅम बरेचसे वरून खाली वाचता यायचे. आता सगळं ऑब्जेक्ट ओरिएंटेड."

आता हे प्रकरण काय असतं ते मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. नॉर्वेमध्ये १९६०च्या दशकात डाल आणि न्यूगार्ड या दोघांनी सिम्युला नावाची एक भाषा तयार केली. रांगा, कारखाने असल्या खऱ्या जगातल्या व्यवहारांची नक्कल संगणकावर करायची, हा तिचा मूळ उद्देश. त्यातून ही कल्पना निघाली की प्रोग्रॅम म्हणजे एक लांबलचक यादी न ठेवता त्याचे सुटे घटक करायचे. प्रत्येकाजवळ आपली माहिती आणि आपलं काम. हेच ते ऑब्जेक्ट. एकानं दुसऱ्याच्या माहितीत हात घालायचा नाही, काय हवं ते निरोप पाठवून मागायचं.

मी म्हटलं, "अरे, म्हणजे काउंटर! माझ्या ड्रॉवरला हात लावायचा नाही, चिठ्ठी पाठव!"

"अगदी तेच."

पुढे त्यात 'इन्हेरिटन्स' येतं, म्हणजे वारसा. धाकट्या घटकाला थोरल्याचे गुण न मागता मिळतात. आमच्याकडे वारसाला तीन फॉर्म आणि दोन जामीनदार लागतात, त्या मानानं त्यांचं सोपं आहे. आणि एक असतं 'पॉलिमॉर्फिझम'. एकच निरोप, पण ज्याला जातो त्याच्याप्रमाणे त्याचा अर्थ वेगळा. यात नवल ते काय? "जेवण झालं का?" हे व्याह्यांनी विचारलं तर त्याचा अर्थ एक, डॉक्टरांनी विचारलं तर दुसरा, आणि थकलेल्या कर्जदाराच्या दारात उभं राहून मी विचारलं तर तिसराच.

"लिहिणाऱ्याला हे फार सोयीचं," भाचा म्हणाला, "पण वाचणाऱ्याचे हाल. एक ओळ असते चार शब्दांची. तिचा अर्थ कळायला दुसऱ्या फायलीत जावं लागतं. तिथे कळतं की हे काम वारशानं तिसरीकडून आलंय. तिसरीकडे गेलं की तो निरोप प्रत्यक्षात कोणाला पोचणार हे चौथ्या जागी ठरतं. प्रत्येक फाइल एकेकटी वाचली तर निर्दोष. चूक असते ती दोघांच्या मध्ये. आणि मध्ये काय आहे हे यादीत लिहिलेलं नसतं."

त्यानं हे सहज सांगितलं. पण माझ्या हातातला लाडू हातातच राहिला. कारण मला आमच्या आजी आठवल्या.

घनसावंगी तालुक्यातल्या एका खेड्यातल्या या आजी. त्यांचं आणि त्यांच्या मालकांचं बँकेत जोडखातं होतं. मालक वारले. मुलाला घेऊन आजी मृत्यूचा दाखला घेऊन आल्या. खात्यातून मालकांचं नाव कमी करायचं होतं. एका कारकुनानं ते केलं, मी तपासलं. त्यासाठी अकरा कलमांची छापील यादी आहे. दाखला मूळ आहे का, नावाचं स्पेलिंग जुळतं का, अंगठा साक्षांकित आहे का वगैरे. मी अकराच्या अकरा खुणा केल्या. दुसऱ्या टेबलावर मालकांच्या नावाची आवर्त ठेव होती, ती नियमाप्रमाणे बंद होऊन पैसे आजींच्या खात्यात आले. तेही चोख. पण तिसऱ्या एका ठिकाणी मालकांनीच कधीतरी देऊन ठेवलेली एक कायमची सूचना पडून होती. दर महिन्याच्या ५ तारखेला जोडखात्यातून ५०० रुपये काढून त्या आवर्त ठेवीत टाकावेत. माणूस गेला, ठेव गेली, सूचना मात्र जिवंत राहिली. दर ५ तारखेला ती इमानेइतबारे उठायची, ठेव शोधायची, ती सापडायची नाही, की सूचना निष्फळ ठरल्याबद्दल आजींच्या खात्यातून ५० रुपये दंड आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९, असे ५९ रुपये कापले जायचे.

हे चौदा महिने चाललं.

२०१९ साली पावसाळ्याच्या तोंडाला आजी पासबुक घेऊन माझ्या खिडकीशी उभ्या राहिल्या. "सायेब, बघा बरं जरा. मह्या पैशाला उंदीर लागलाय का?"

मी पासबुक पाहिलं. ८२६ रुपये गेले होते. कोणत्या टेबलावर चूक झाली म्हणून शोधायला गेलो तर एकाही टेबलावर चूक नव्हती. नाव नियमानं कमी झालेलं, ठेव नियमानं बंद झालेली, दंडसुद्धा नियमानंच लागलेला. माझी यादी काढून पाहिली. अकरा खुणा, खाली माझी सही. यादीत सगळं बरोबर होतं, फक्त आजींचे पैसे नव्हते.

मला लाज वाटली. लाज वाटली की मध्यमवर्गीय माणूस खिशात हात घालतो. मी पाकीट काढून म्हटलं, "आजी, हे घ्या, मी देतो."

आजींनी हात मागे घेतला. "तुमचे नको सायेब. मह्येच द्या."

या एका वाक्यात जेवढं नीतिशास्त्र आहे तेवढं मी पुढे कुठेही वाचलं नाही. दया मागायला त्या आल्याच नव्हत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या वतीनं वाचायला बँकेनं मला बसवलं होतं, आणि मी वाचलं नव्हतं. मी फक्त खुणा केल्या होत्या. मॅनेजरसाहेबांनी पुढे ते पैसे परत जमा करून दिले. त्याला तीन मंजुऱ्या लागल्या. कापताना एकही लागली नव्हती.

भाच्याला ही हकिकत सांगितली तेव्हा तो लाडू खायचा थांबला. म्हणाला, "मामा, तुमची आजी म्हणजे आमच्या पुस्तकातलं उदाहरण आहे." स्कॉटलंडमध्ये स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात डन्समोर, रोपर आणि वूड या तिघांनी २०००च्या सुमारास नेमक्या याच प्रश्नावर काम केलं होतं. विद्यार्थ्यांना ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅम देऊन त्यातल्या चुका शोधायला लावल्या. अशा विखुरलेल्या चुका सापडायला फार अवघड, कारण त्या कळायला बाकीचं समजावं लागतं. मग त्यांनी वेगवेगळ्या पद्धती करून पाहिल्या. एकीत यादी. दुसरीत, जो घटक इतरांवर सगळ्यांत कमी अवलंबून आहे त्याच्यापासून सुरुवात करून एकेक भाग समजून घ्यायचा आणि तो काय करतो ते आपल्या शब्दांत लिहून मगच पुढे जायचं. तिसरीत, वापरणाऱ्याचं एखादं काम घेऊन ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठून कुठे जातं त्याचा माग काढायचा.

"मग यादी हरली असेल?" मी आशेनं विचारलं. स्वतःची लाज झाकायला एखादी यादी दोषी ठरलेली बरी असते.

"नाही ना! एकंदरीत यादीचाच निकाल चांगला आला. पण प्रत्येक पद्धतीचं बळ वेगळं होतं, म्हणून त्यांनी सांगितलं, एकीवरच विसंबू नका, मिसळून वापरा."

हे मला पटलं. यादीला मी शिव्या देणार नाही. दुपारी चार वाजता, वीज गेलेली, रांगेतला शेवटचा माणूस घड्याळाकडे बघतोय, अशा वेळी मेंदू झोपतो आणि यादी जागी असते. पण यादी म्हणजे काल पडलेल्या दरोड्याचा पंचनामा. उद्याचा चोर त्यात नसतो. आणि यादीचा एक मोठा दोष असा की ती तपासल्या जाणाऱ्याचं रक्षण करो न करो, तपासणाऱ्याचं मात्र नक्की करते.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत लेजरचे शेवटचे दिवस चालले होते आणि एक हेडक्लार्क होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. ते सहीला फार वेळ लावत. व्हाउचर पुढे केलं की चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "आकडे राहू दे. गोष्ट सांग." म्हणजे हे पैसे कोणाचे, कुठून निघाले, कुठे चालले, आणि तिथे त्यांची वाट कोण बघतंय? गोष्टीत कुठे अडखळलं की व्हाउचर परत. आम्ही पोरं त्यांना मागून 'पॅसेंजर' म्हणायचो. काचीगुडा-मनमाड लायनीवर राहणाऱ्यांना या शब्दातली मर्मभेदकता समजेल. फेगन साहेबांचा लेख अण्णांनी वाचला असण्याची शक्यता नाही. पण आपल्या शब्दांत सांगता येत नाही ते समजलेलं नाही, आणि समजलेलं नाही त्याच्यावर सही करायची नाही, हे दोघांचं एकमत होतं. अण्णा असते तर आजींच्या अर्जावर त्यांनी एकच प्रश्न विचारला असता, "माणूस गेला, तर त्यानं लावून ठेवलेलं आणखी काय काय मागे राहिलंय?" हा प्रश्न अकरा कलमांत नव्हता.

भाच्याचं म्हणणं, यात लिहिणाऱ्याचाही वाटा असतो. लोक घटकांना 'टेंप' नि 'एक्स वन' असली नावं देतात, आणि मग पुढचा माणूस महिनाभर अर्थ लावत बसतो. मी त्याला म्हटलं, हे आमच्या जिल्ह्याला कोणी शिकवू नये. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा, आणि त्यांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास घातला आहे. अक्षर कसं असावं इथपासून पानाच्या कडेला जागा सोडण्यापर्यंत सगळं. एवढा मोठा संत मोक्षाचं सांगता सांगता समासाच्या पट्टीचं सांगतो, कारण लिहिलेलं पुढे दुसऱ्याला वाचायचं असतं, हे त्याला माहीत होतं. भाचा म्हणाला, "हे आमच्या टीमला पाठवतो." पाठवलं की नाही कोण जाणे.

त्याच्याजवळही उत्तर होतंच. ज्या १९८१ साली १ मे रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे तालुके घेऊन आमचा जालना जिल्हा झाला, त्याच साली पुण्यात टाटांचं संशोधन केंद्र निघालं, टीआरडीडीसी. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले जुने प्रोग्रॅम यंत्राकडूनच वाचून घ्यायची साधनं तिथे तयार झाली. "आणि आता तर," तो म्हणाला, "प्रोग्रॅम लिहायलासुद्धा यंत्र बसलंय. मेकरच्या खुर्चीत यंत्र, चेकरच्या खुर्चीत मी. ते मिनिटात हजार ओळी लिहितं. त्या सगळ्या समजून घेत बसलो तर नोकरी जाईल. मामा, खरं सांगा, आजच्या जगात संपूर्ण समजून सही करणं कोणाला शक्य आहे?"

हा प्रश्न काही थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. संपूर्ण तर मलाही कळत नाही. व्याज कसं मोजलं जातं ते कळतं. पण ज्या प्रोग्रॅमनं ते मोजलं त्याच्या पोटात काय आहे, देव जाणे. सगळं कळल्यावरच सही करायची म्हटलं तर बँक उघडणारच नाही. डॉक्टर गोळी देतात, ती त्यांनी थोडीच बनवलेली असते?

बराच वेळ विचार करून मी त्याला म्हटलं, "सगळं समजायला नको. पण आपल्या टेबलाच्या पुढचं एक टेबल तरी समजलं पाहिजे. हे माझ्याकडे कुठून आलं आणि माझ्याकडून कुठे चाललं, एवढी गोष्ट तरी सांगता आली पाहिजे. आणि जिथे गोष्ट तुटते तिथे 'मला कळलं नाही' असं लिहिता आलं पाहिजे. न कळणं हा गुन्हा नाही. न कळता 'बरोबर आहे' लिहिणं, हा आहे."

वाक्य चांगलं झालं म्हणून मी आजूबाजूला पाहिलं. सौभाग्यवती चिवडा भरत होत्या. भाच्यानं मात्र लॅपटॉप पुन्हा उघडला. त्या पहाटेच्या चार अक्षरांच्या खाली त्यानं एक प्रश्न लिहिला, "ही ओळ इथे का आहे, मला कळलं नाही. सांगशील का?" पलीकडून अर्ध्या तासानं उत्तर आलं. लिहिणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

आता स्वतःबद्दल खरं ते सांगून टाकतो. २०१९च्या त्या प्रकारानंतर मी मोठ्या उत्साहानं सुचवलं की यादीत बारावं कलम घाला: 'मृताच्या नावे दिलेल्या इतर सर्व सूचना पाहिल्या काय?' सूचना मान्य झाली. नवी यादी छापून आली. पहिले काही दिवस बाराव्या कलमाशी मी थांबायचो, शोधायचो, चार ठिकाणी विचारायचो. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी माझ्या लक्षात आलं की बाराही खुणा झाल्या आहेत आणि त्या माझ्याच हातानं केल्या आहेत, मी काहीएक न वाचता. समजून घेण्यासाठी जी चौकट काढावी, तिच्यात थोड्याच दिवसांत खूण करता येऊ लागते.

मग अजून मी थोडाफार माणसात आहे तो कशामुळे? तर आजींमुळे. पैसे परत मिळाले त्या महिन्यापासून आजी दर ६ तारखेला येतात. आदल्या दिवशी, ५ तारखेला, उंदीर येऊन गेला की काय ते बघायला. मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून, पासबुक पदरात बांधून. पासबुक मशीनमधून काढून आणतात, माझ्यापुढे ठेवतात आणि म्हणतात, "वाचा." मी म्हणतो, "आजी, शिल्लक बरोबर आहे." त्या म्हणतात, "त्ये नको. एकेक सांगा. काहून आले, काहून गेले?"

मग मी एकेक ओळ आपल्या शब्दांत सांगतो. हे पगारीचे आले, हे तुम्ही काढले, हे व्याजाचे. एखादी ओळ मला सांगता आली नाही तर आजी हलत नाहीत, आणि मागची रांगही हलत नाही. मला उठून दुसऱ्या टेबलावर जाऊन विचारून यावं लागतं. सगळं सांगून झालं की त्या पासबुक मिटतात आणि म्हणतात, "हां. बराबर हाये."

त्या गेल्यावर मी पुन्हा सह्यांना बसतो. ६ तारखेला माझ्या सह्या जरा कमी होतात.